जुना वायरचा रिमोट, नवा कन्सोल: प्लग, भाषा आणि परवानगी

कन्नडहून मी बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा एसटीत बसल्यावर इअरफोन घरी राहिल्याचं कळलं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं काढलंय.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. पिशोरहून आलेला एक व्हॉइस मेसेज असा होता: "दादा, घरात पीएस २ चे दोन रिमोट पडलेत, एकदम ओके आहेत. मोठ्या भावाने आता पीएस ५ आणलाय. त्याच्याबरोबर एकच कंट्रोलर आला. जुना रिमोट लावायचा काही जुगाड असेल तर सांगा ना." मग नागदहून आणि खुद्द कन्नड शहरातूनही असेच प्रश्न आले. कुणाकडे एक्सबॉक्स ३६० चा वायरवाला कंट्रोलर, कुणाकडे कॉम्प्युटरसाठी घेतलेला साधा यूएसबीचा. सगळ्यांचं म्हणणं एकच: वायर आहे, प्लग आहे, मग चालत का नाही?

प्रश्न पैशाचा आहे, हे आधी मान्य करू. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस ५ भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि सुट्या कंट्रोलरची ५,९९०. म्हणजे कन्सोल घरात आला तरी दुसऱ्या माणसाने खेळायचं तर आणखी सहा हजार. दोघं भाऊ, किंवा दिवाळीला आलेला आतेभाऊ, यांच्यात एकच कंट्रोलर असेल तर काय होतं ते तुम्हाला माहितीये. एक खेळतो, दुसरा "माझी पाळी कधी" म्हणत बसतो. म्हणून कपाटातल्या जुन्या रिमोटकडे लक्ष जातं, आणि मग कुणीतरी ऑनलाइन तीनशे-चारशेचा कन्व्हर्टर मागवतं. तो पैसा बहुतेक वेळा वाया जातो. तो वाया जाऊ नये म्हणून आजचा भाग.

मी यासाठी तीन प्रश्नांची एक पट्टी बनवलीय. कोणताही जुना कंट्रोलर, कोणताही नवा कन्सोल, हे तीन प्रश्न विचारायचे. प्लग बसतो का? भाषा जुळते का? आणि परवानगी आहे का? तिन्हींचं उत्तर "हो" आलं तरच खेळ चालू. आता एकेक घेऊ.

पहिला प्रश्न: प्लग

सगळ्यात सोपा, आणि म्हणूनच फसवणारा.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. त्याचे कंट्रोलर थेट डब्यातूनच निघायचे, काढता यायचे नाहीत. आपल्याकडे तो बहुतेकांनी पाहिला तो नकलांच्या रूपात. मीडिया, टर्मिनेटर अशी नावं असलेले ते डबे. आपण त्याला "व्हिडिओ गेम" म्हणायचो, गेमच्या कार्ट्रिजला "कॅसेट" आणि कंट्रोलरला "रिमोट". वायर असली तरी रिमोटच! त्यातल्या बऱ्याच रिमोटला ९ पिनांचा प्लग असायचा.

आता गंमत बघा. दिसायला तसाच ९ पिनांचा प्लग सेगाच्या मेगा ड्राइव्हलाही आहे आणि जुन्या अटारीलाही. आकार तोच, पण आत कोणत्या पिनेवर वीज आणि कोणत्या पिनेवर बटनाचा संदेश, हे वेगळं. म्हणजे प्लग मस्त बसेल, पण वीज भलत्याच जागी जाईल. म्हणून पहिला नियम: बसतोय म्हणून लावायचं नाही.

सोनीने पहिल्या प्लेस्टेशनपासून स्वतःचा चपटा ९ पिनांचा प्लग ठेवला, तो पीएस २ पर्यंत चालला. यात एक मजा आहे. २००० साली आलेल्या पीएस २ ला पुढच्या बाजूला दोन यूएसबी पोर्ट होते, पण कंट्रोलर मात्र त्या चपट्या पोर्टलाच. उलट २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचा प्लग विचित्र दिसतो, पण आतून ते यूएसबीच आहे, फक्त कपडे वेगळे घातलेत. आणि २००५ च्या एक्सबॉक्स ३६० च्या वायरवाल्या कंट्रोलरला तर सरळ आपला नेहमीचा रुंद यूएसबी.

पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज, दोन्हींना तो रुंद यूएसबी पोर्ट आहे. म्हणजे ३६० चा कंट्रोलर तिथे आरामात बसतो. बसतो, आणि काहीच होत नाही. कारण पुढचे दोन प्रश्न बाकी आहेत.

दुसरा प्रश्न: भाषा

कंट्रोलर कन्सोलला नेमकं सांगतो काय, आणि कसं? शाळेतल्या हजेरीवरून समजून घेऊ.

फॅमिकॉमच्या रिमोटमध्ये एक छोटी चिप असते. कन्सोल तिला आधी म्हणतो, "स्तब्ध!" त्या क्षणी कोणती बटनं दाबलेली आहेत ते चिप पकडून ठेवते. मग कन्सोल एकेक हाक मारतो. ए? बी? सिलेक्ट? स्टार्ट? वर? खाली? डावं? उजवं? चिप प्रत्येकाला "हजर" किंवा "गैरहजर" सांगते. आठ बटनं, आठ उत्तरं, झालं. साधारण दर सेकंदाला साठ वेळा ही हजेरी होते. मारिओ उडी मारतो तो या हजेरीवर. इतकी साधी भाषा आहे की इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरं आजही छोट्या बोर्डावर एका संध्याकाळी ती वाचतात.

पीएस २ ची भाषा जरा संवादाची आहे. कन्सोल विचारतो, रिमोट आधी ओळख सांगतो, "मी साधा बटनवाला" किंवा "मी दोन काड्यांचा ॲनालॉग", आणि मग बटनांची माहिती पाठवतो. कन्सोलही त्याला सांगू शकतो, "आता थरथर." त्या थरथरणाऱ्या मोटरसाठी वेगळी वीज लागते, साधारण साडेसात व्होल्ट. बाकीचं सर्किट साडेतीन व्होल्टच्या आसपास चालतं. यूएसबीत असतात पाच व्होल्ट. म्हणून पीएस २ च्या रिमोटची वायर कापून तिला यूएसबीचा प्लग जोडणं, हा जो व्हिडिओ अधूनमधून फिरतो ना, तो नाद करू नका. वीजही जुळत नाही आणि भाषाही. मध्ये दुभाष्या लागतोच.

मग आली यूएसबी. इथे पद्धत लग्नाच्या बायोडेटासारखी आहे. कंट्रोलर जोडला की तो स्वतःच एक यादी देतो: मी गेमपॅड आहे, मला बारा बटनं, दोन काड्या, एक चौदिशा बटन. समोरचं यंत्र ती यादी वाचतं आणि त्याप्रमाणे ऐकायला लागतं. म्हणून एखाद्या अनोळखी कंपनीचा कंट्रोलरही कॉम्प्युटरला लगेच ओळखू येतो.

पण इथेही दोन बोली आहेत. मायक्रोसॉफ्टने ३६० च्या काळात स्वतःची एक पद्धत आणली, तिला एक्सइनपुट म्हणतात. त्याआधीची जुनी, ती डायरेक्टइनपुट. आपल्याकडे मिळणाऱ्या वायरवाल्या कंट्रोलरपैकी काहींना मागे एक छोटं बटन किंवा मधलं बटन दाबून धरायची सोय असते, त्याने बोली बदलते. कॉम्प्युटरवर नवा गेम कंट्रोलर ओळखत नसेल तर आधी ते बटन शोधा. ते नसेल तर स्टीममधून गेम चालवा. स्टीम दोन्ही बोली समजतं आणि गेमला हवी ती ऐकवतं.

इथपर्यंतचं सगळं दुभाष्याने सुटतं. दुभाष्या म्हणजे कन्व्हर्टर. एका बाजूने पीएस २ ची भाषा ऐकतो, दुसऱ्या बाजूने यूएसबीत सांगतो. मग तोच कन्व्हर्टर पीएस ५ ला लावला तर का चालत नाही? खरी अडचण इथून सुरू होते.

तिसरा प्रश्न: परवानगी

आपला औट्रम घाट घ्या. २०२३ मध्ये कोर्टाच्या आदेशाने तिथे अवजड वाहनांना बंदी आली. रस्ता तोच, ट्रक धडधाकट, ड्रायव्हर अनुभवी, चाळीसगाव खाली दिसतंय. पण परवानगी नाही, म्हणून वळसा. जुन्या कंट्रोलरचं अगदी हेच आहे. तो म्हातारा झालाय किंवा बिघडलाय म्हणून थांबत नाही, त्याला फाटकावर थांबवलं जातं.

हे फाटक कायम नव्हतं. २००६ चा पीएस ३ बऱ्यापैकी उदार होता, साधे यूएसबी कंट्रोलर तो अनेक गेममध्ये घ्यायचा. म्हणून आजही स्वस्त कन्व्हर्टरच्या खोक्यावर "पीसी, पीएस ३" असं छापलेलं असतं. पुढे २०१३ च्या पीएस ४ पासून चित्र बदललं.

पीएस ४ ची पद्धत रेशन दुकानातल्या अंगठ्यासारखी आहे. कन्सोल कंट्रोलरला दर वेळी एक नवीन आकडा देतो आणि म्हणतो, यावर सही करून दे. खऱ्या कंट्रोलरच्या आत एक गुप्त किल्ली असते, तिने ती सही होते. कन्सोल सही तपासतो. आकडा दर वेळी नवा, त्यामुळे कालची सही आज चालत नाही. नुसतं रेशनकार्ड झेरॉक्स करून उपयोग नाही, अंगठा तुमचाच हवा.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पीएस ४ वर सही न करता आलेला कंट्रोलर ताबडतोब बंद पडत नाही. बोलीभाषा बरोबर असेल तर तो आधी चालतो. साधारण आठ मिनिटं. मग कन्सोल त्याला सोडून देतो. काढून परत लावला की पुन्हा आठ मिनिटं. अनेकांना वाटतं, "वायर लूज आहे", "गरम होतोय", "माल डिफेक्टिव्ह आहे". यातलं काहीच नसतं. घड्याळ लावून बघा. दर वेळी तेवढ्याच वेळाने बंद पडत असेल तर अडचण परवानगीची आहे, सोल्डरिंगवाल्याकडे जाऊन काही होणार नाही.

एक्सबॉक्सवालेही यात मागे नाहीत. एक्सबॉक्स वन आणि सिरीजच्या कंट्रोलरमध्ये ओळख पटवणारी व्यवस्था आहेच. त्यातून काही बिनपरवान्याचे कन्व्हर्टर पळवाट काढायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली. स्क्रीनवर सूचना यायची की हे उपकरण अधिकृत नाही, आणि काही दिवसांच्या मुदतीनंतर ते बंद.

कंपन्यांची बाजूही ऐकू. काही उपकरणं बंदुकीचा झटका आपोआप सावरतात, म्हणजे ऑनलाइन खेळात सरळ चोरी. कॉल ऑफ ड्यूटीवाल्यांनीही २०२३ मध्ये अशी उपकरणं पकडायला सुरुवात केली. ते ठीकच आहे. पण परवाना देण्यात कंपनीचा धंदाही आहे. आणि फाटक बंद केलं की चोराबरोबर साधा माणूसही अडकतो.

यात सगळ्यात जास्त अडचण होते ती अपंग खेळाडूंची. ज्याला दोन्ही हातांनी कंट्रोलर धरता येत नाही, तो एखादं मोठं बटन, पायाचं पेडल किंवा जुनी काडी कन्व्हर्टरने जोडून खेळतो. त्याचा कन्व्हर्टर बंद पडला तर त्याचा खेळच संपला. २०२३ च्या त्या निर्णयावर हा आक्षेप जोरात घेतला गेला.

याला एक चांगला मार्गही आहे, तो माहिती असू द्या. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याच्या मागे बाहेरची बटनं जोडायला ३.५ मिमीचे १९ जॅक आहेत, म्हणजे आपल्या जुन्या हेडफोनच्या पिनेचेच. सोनीनेही डिसेंबर २०२३ मध्ये पीएस ५ साठी ॲक्सेस कंट्रोलर आणला, त्याला असे चार जॅक आहेत. वीस वर्षांपूर्वीचं साधं वायरचं बटनही तिथे चालू शकतं, कारण कंपनीने तिथे दार मुद्दाम उघडं ठेवलंय.

दुसरा पुरावा निन्टेन्डोचा. २००१ च्या गेमक्यूबचा वायरवाला कंट्रोलर २०१७ च्या स्विचवर चालतो. कंपनीने २०१४ मध्ये वी यू साठी एक कन्व्हर्टर काढला होता आणि २०१७ मधल्या एका अपडेटपासून स्विचनेही त्याला मान्यता दिली. सोळा वर्षांचं अंतर, तरी चालतं. म्हणजे वय हा मुद्दाच नाही. कंपनीची इच्छा आहे की नाही, एवढंच.

आता तुमच्या कपाटातलं काय?

एकेक करून सांगतो, कागद-पेन घ्या.

मीडिया वगैरेचा ९ पिनांचा रिमोट: नव्या कन्सोलला थेट काही नाही. छोट्या बोर्डाचा नाद असेल तर त्याला यूएसबी बनवून कॉम्प्युटरवर वापरता येतो. सोबतची बंदूक मात्र विसरा. ती जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीच्या झगमगण्यावर चालायची. सपाट एलईडी टीव्हीवर चित्र वेगळ्या पद्धतीने आणि थोडं उशिरा उमटतं, त्यामुळे बदक समोर असलं तरी गोळी लागत नाही.

पीएस २ चा रिमोट: आपल्या भागात सगळ्यात जास्त हाच सापडतो. पीएस २ भारतात खूप टिकला. २००९ मध्येसुद्धा त्याच्यासाठी भारतात बनलेले "हनुमान: बॉय वॉरियर" आणि "देसी अड्डा" असे गेम येत होते. दुसऱ्यात तर कबड्डी, विटी-दांडू आणि पतंग होते! हा रिमोट साध्या कन्व्हर्टरने कॉम्प्युटरवर चालतो, पीएस ३ वरही बऱ्याच गेममध्ये. पीएस ४, पीएस ५, एक्सबॉक्स यांच्यावर साध्या कन्व्हर्टरने नाही. तर पिशोरच्या भावा, उत्तर हे असं आहे.

एक्सबॉक्स ३६० चा वायरवाला: विंडोजच्या कॉम्प्युटरवर सोन्यासारखा. एक्सबॉक्स वन आणि सिरीजवर नाही, कंपनी एकच असूनसुद्धा.

एक्सबॉक्स वनचा: सिरीज एक्स आणि एस दोन्हींवर थेट चालतो. जुन्या कंट्रोलरबाबत यांचा कारभार सगळ्यात सरळ.

पीएस ३ चा: पीएस ४ आणि पीएस ५ वर नाही.

पीएस ४ चा: इथे नीट ऐका, कारण पैसे वाचतात ते इथेच. पीएस ५ वर तो चालतो, पण फक्त पीएस ४ चे गेम खेळताना. पीएस ५ साठी बनलेल्या गेममध्ये तो खेळायला चालत नाही. आता बरेच गेम दोन्ही रूपांत मिळतात. जीटीए ५ आहे, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक आहे, फुटबॉलचा गेम आहे. तुमच्याकडे पीएस ४ चं रूप असेल तर तेच पीएस ५ वर टाका आणि दुसऱ्या खेळाडूच्या हातात जुना कंट्रोलर द्या. चित्र थोडं साधं दिसेल, पण त्या गेममध्ये दोघांनी खेळायची सोय असेल तर दोघं एकत्र खेळाल. एक काळजी घ्या: दोन्ही रूपांची सेव्ह केलेली प्रगती वेगवेगळी असू शकते, आधीच ठरवा कुठे खेळायचं.

म्हणजे ज्याला पीएस ५ वर दुसरा खेळाडू हवाय, त्याने पीएस २ च्या रिमोटसाठी कन्व्हर्टर शोधण्यापेक्षा ओळखीत कुणाकडे पीएस ४ चा कंट्रोलर पडून आहे का ते विचारावं. त्याची बॅटरी गेली असेल तर घाबरू नका, वायर लावून ठेवा. त्याची चार्जिंगची पिन जुन्या अँड्रॉइड फोनचीच आहे, मायक्रो यूएसबी. फक्त वायर डेटाचीसुद्धा हवी, नुसती चार्जिंगची नको.

कन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर

चांगले कन्व्हर्टर असतात. तैवानच्या ब्रूक कंपनीचे आहेत, स्विच आणि कॉम्प्युटरसाठी एटबिटडूचे आहेत. काही प्रकारांत तर एक असली कंट्रोलर कन्व्हर्टरलाच जोडून ठेवावा लागतो. कन्सोलने सही मागितली की कन्व्हर्टर तो आकडा त्या असलीकडे पाठवतो आणि सही आणून देतो. अंगठा उसना घेण्यासारखंच! पण असली कंट्रोलर घरात असेल तर दुसरा खेळाडू त्यानेच खेळेल ना? म्हणून या कन्व्हर्टरचा खरा उपयोग महागड्या फाइट स्टिक, स्टिअरिंग किंवा खास बनवलेल्या उपकरणांना. साध्या रिमोटसाठी हिशोब बसत नाही.

घेताना चार गोष्टी बघा.

एक, खोक्यावर तुमच्या कन्सोलचं नाव लिहिलेलं हवं. "सगळ्याला चालतो" हे उत्तर धरायचं नाही. आणि "पीएस ४ ला चालतो" म्हणजे पीएस ५ ला चालतो असं नव्हे.

दोन, त्याला अपडेट करायची सोय हवी. कन्सोल अपडेट झाला की फाटकाचं कुलूप बदलू शकतं. ज्याला नवी किल्ली देता येत नाही तो कन्व्हर्टर त्या दिवशी कचरा.

तीन, उशीर. प्रत्येक दुभाष्या बोलायला थोडा वेळ घेतो. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एक चित्र जेमतेम १६ ते १७ मिलिसेकंदांचं. क्रिकेट किंवा मारामारीच्या गेममध्ये एक-दोन चित्रांचा उशीरसुद्धा बॅट हलल्यावर जाणवतो. गाडी चालवायच्या साध्या गेममध्ये फारसा नाही.

चार, दुकानात तपासा. पुण्याला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड, कुठूनही घ्या. पण आपला रिमोट सोबत न्या आणि किमान पंधरा मिनिटं सलग चालवून बघा. पाच मिनिटं चालवून "एकदम मस्त" म्हणत पैसे देऊ नका. आठ मिनिटांचं गणित आता तुम्हाला माहितीये.

जिथे फाटकच नाही

इतकं सगळं ऐकून वाटेल, मग जुना रिमोट भंगारात द्यायचा का? अजिबात नाही. तुमच्या हातातला फोन आहे ना!

अँड्रॉइडने २०११ मध्ये, ३.१ आवृत्तीपासून, गेमपॅड आणि ओटीजी दोन्हींना आधार दिला. ओटीजी म्हणजे फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायची सोय, त्यासाठीची छोटी पिन कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. साधा यूएसबीचा कंट्रोलर, ३६० चा वायरवाला किंवा कन्व्हर्टर लावलेला पीएस २ चा रिमोट, बहुतेक फोन ओळखतात. इथे कुणी सही मागत नाही. बायोडेटा दिला की पुरे.

आधी तपासून घ्या. कंट्रोलर जोडा, ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टर शोधा आणि प्रत्येक बटन दाबून बघा. कोणतं बटन मेलंय, कोणती काडी आपोआप सरकतेय, दोन मिनिटांत कळतं. जुना रिमोट विकत घेतानाही हीच पद्धत वापरा.

मात्र प्रत्येक गेम कंट्रोलर मानत नाही. बीजीएमआयला अधिकृतपणे कंट्रोलर चालत नाही, तिथे बोटंच. पण माइनक्राफ्ट, स्टारड्यू व्हॅली, डेड सेल्स, जीटीए सॅन अँड्रियास यांना चालतो. आणि घरात जुना लॅपटॉप असेल तर तो एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा, दोन जुने रिमोट लावा, झाला तुमचा दोघांचा कन्सोल. ईएचं क्रिकेट ०७ आजही आपल्याकडे लोक खेळतात, आणि त्याला भारी लॅपटॉप लागत नाही.

वायरवाल्याची निगा

शेवटी थोडं जुन्या रिमोटच्या बाजूने. वायरवाल्या कंट्रोलरमध्ये बॅटरी नसते. त्यामुळे दहा वर्षं कपाटात राहिला तरी आत फुगायला काही नाही, चार्ज करायची आठवण नाही. बिघडतो तो तीनच ठिकाणी.

वायर जिथे रिमोटमध्ये शिरते त्या मानेपाशी ती आतून तुटते, कारण आपण ती गुंडाळून ठेवतो. हलवल्यावर मध्येच चालू-बंद झाला तर हेच. तुटलेला भाग कापून रंगाला रंग जोडला की झालं. तुमच्या गावात मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही हे करेल.

बटन दाबूनही लागत नसेल तर आतल्या रबराखालचा काळा ठिपका घाण झालेला असतो. स्क्रू काढा, बोर्डावरची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, परत बसवा.

आणि काडी आपोआप सरकत असेल तर आतली पट्टी घासली गेलीय. स्वच्छ करून थोडे दिवस निघतात, खरा उपाय म्हणजे काडीचा भाग बदलणं.

तर मंडळी, नवं काही घ्यायच्या आधी तेच तीन प्रश्न: प्लग, भाषा, परवानगी. पहिल्या दोनांवर आपल्याकडे उपाय आहेत, दुकानातही आणि गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडेही. तिसऱ्याचं उत्तर कंपनीकडे असतं. म्हणून पुढचा कन्सोल घेताना फक्त चित्र किती भारी दिसतं ते विचारू नका, "माझ्याकडचं जुनं यात काय काय चालेल?" हेही दुकानदाराला विचारा. पन्नास हजार देणाऱ्या माणसाला तेवढं विचारायचा हक्क आहे.

तुमच्याकडे कोणता रिमोट आहे आणि कुठे अडलाय, ते व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा. कंट्रोलरच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवला तर आणखी बरं, मॉडेल नंबरवरून निम्मं काम होतं. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत खेळत राहा, आणि दुसऱ्यालाही पाळी द्या!